झाकणाखालचा सरडा

काचेच्या टाकीतले दिवे लागले की बिस्किट सरडा आपल्या दगडावर चढतो, हे शेजवळांच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. त्या सोमवारी तो चढला नाही. दगडाच्या पायथ्याशी पोट टेकून पडला होता आणि त्याच्या मागच्या उजव्या पायाची बोटं थरथरत होती. बाहेर धुकं होतं, कुंपणापलीकडचं घर दिसू नये इतकं. प्रमोदिनीला आधी वाटलं, गारठलाय. तिने थर्मामीटर पाहिले. दगडावर चाळीस, टाकीच्या दुसऱ्या टोकाला पंचवीस. दोन्ही आकडे हवे तसे होते. पाय थरथरतच होता.

"आरुषी, इकडे ये जरा."

चौदा वर्षांची आरुषी तोंडात टूथब्रश घेऊन आली, टाकीसमोर वाकली आणि तशीच थांबली.

"ही इज शेकिंग. आई, व्हाय इज ही शेकिंग?"

"थंडीने असेल."

"इट्स फॉर्टी डिग्रीज इन देअर!" आरुषीने ब्रश बाहेर काढला. "ही नीड्स लाइव्ह बग्ज. आय टोल्ड यू हीप्स ऑफ टाइम्स. ही इज नॉट अ काउ, आई!"

प्रमोदिनीने प्राण्यांच्या दवाखान्यात फोन लावला. सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या डॉक्टर आज नव्हत्या. उद्या दुपारची वेळ मिळाली. तोवर ऊब द्या, हाताळू नका, असं पलीकडून सांगितलं गेलं. आरुषी शाळेत गेली. जाताना दार आपटलं.

प्रमोदिनी शेजवळ चव्वेचाळीस वर्षांची आहे. पुण्यात येरवड्याला वाढली, केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, लग्नानंतर नवऱ्याबरोबर न्यूझीलंडला आली. ते रापा नावाच्या भागात दुधाची पावडर करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती काम करते. नवरा संभाजी टौरंगाच्या बंदरात क्रेनच्या देखभालीचा इंजिनिअर आहे. तो सोमवारी पहाटे गाडी काढतो आणि गुरुवारी संध्याकाळी परततो.

घर बौद्ध. मांसाहाराला घरात कधी मज्जाव नव्हता आणि आजही नाही. संभाजी अंगणातल्या बार्बेक्यूवर सॉसेज भाजतो. पण चार वर्षांपूर्वी प्रमोदिनी विपश्यनेच्या शिबिराला बसून आली आणि तिने स्वतःपुरतं मांसमच्छी सोडलं. शिवाय आपल्या हातून जीव मारायचा नाही, हे पंचशीलातलं पहिलं शील तिने शब्दशः घेतलं. घरात कोळी निघाला तर ती त्याच्यावर पेला उपडा घालते, खालून पत्र्यासारखा कडक कागद सरकवते आणि त्याला बागेत सोडून येते. रविवारच्या वंदनेला जमणाऱ्या मंडळींत तिची यावरून थट्टा होते. ती हसते आणि पुढच्या कोळ्यालाही बागेत सोडते.

मार्चमध्ये आरुषीने बिअर्डेड ड्रॅगनचा हट्ट धरला. हा ऑस्ट्रेलियातला वाळवंटी सरडा, गळ्याखाली काट्यांची दाढी असलेला. आरुषीच्या मैत्रिणीकडे एक होता आणि तो तिच्या खांद्यावर बसून टीव्ही पाहायचा. प्रमोदिनीने होकार दिला, एका अटीवर: जिवंत किडे घरात येणार नाहीत. तडजोड म्हणून दुकानातून वाळवलेल्या नाकतोड्यांचं पाकीट आलं. ते आधीच मेलेले होते. त्यांना आपण मारलं नव्हतं.

सरड्याचं घर तिने प्रयोगशाळेसारखं मांडलं. चार फुटी फिश टँक सेकंडहँड मिळाला. संभाजीने वर जाळीचं झाकण बसवलं. एका टोकाला ऊब देणारा बल्ब, त्याखाली दगड. उरलेल्या लांबीवर अल्ट्राव्हायोलेट किरणांची नळी, कारण ऊन न मिळालेल्या सरड्याच्या अंगात कॅल्शियम मुरत नाही. तळाला वाळू नाही, पिल्लं ती गिळतात. बाथरूमच्या उरलेल्या टाइल्स टाकल्या. बिस्किट त्या चार फुटी टाकीत वीतभर लांबीचा होता आणि त्याला आपलं राज्य आवडलेलं दिसत होतं. नाकतोड्यांकडे मात्र तो ढुंकून बघत नसे. न हलणारा किडा त्याच्या दृष्टीने अन्न नव्हता. मग प्रमोदिनीने पालक सुरू केला. धुऊन, बारीक चिरून, रोज ताजा. पालकात कॅल्शियम असतं, एवढं तिला माहीत होतं. बिस्किटने तो खाल्ला.

मे महिन्यात तिथला हिवाळा लागला आणि थंडी पडली. लाकडी घराच्या फटींतून गारठा आत यायचा आणि टाकीतली ऊब जाळीतून वर निघून जायची. फिश टँकबरोबर आलेलं काचेचं झाकण गॅरेजमध्ये पडून होतं. प्रमोदिनीने ते धुतलं, पुसलं आणि जाळीवर ठेवून त्यावर नळी बसवली. बल्बाची बाजू तेवढी उघडी सोडली, उष्णतेने काच तडकली असती. टाकीतली ऊब टिकू लागली. तिला बरं वाटलं. दूध, डाळ, मळलेली कणीक, आपल्या स्वयंपाकघरात उघडं काही ठेवत नाहीत. आता सरड्यावरही झाकण होतं.

त्या सोमवारी प्रयोगशाळेत ती नेहमीसारखी उभी होती. नवीन लागलेली सिद्धी नमुन्यातलं प्रोटीन मोजायला बसली होती. यंत्रात अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे यूव्ही, किरण नमुन्यातून जातात आणि किती शोषले गेले त्यावरून आकडा निघतो. आकडा वेडावाकडा येत होता.

"ताई, हे मशीन बिघडलंय का?" सिद्धीने विचारलं.

प्रमोदिनीने नमुन्याची छोटी चौकोनी कुपी उचलून उजेडात धरली.

"मशीन बरोबर आहे. ही साध्या काचेची कुपी घेतलीस तू. क्वार्ट्झची घे. साध्या काचेतून यूव्ही पलीकडे..."

ती बोलायची थांबली.

"पलीकडे काय, ताई?"

"जात नाही," प्रमोदिनी म्हणाली. तिने कुपी टेबलावर ठेवली, हातमोजे काढले आणि जेवणाची सुट्टी आत्ताच घेते म्हणून सांगितलं.

ते रापाहून घरी जाताना धुकं विरलं होतं. तिने गाडी वाकडी लावली, आत गेली, नळी उचलली, काच उचलली. काच ऊबदार होती. खाली बिस्किट सकाळी होता तिथेच होता. वर्षानुवर्षं ती दिवसातून कितीदा तरी क्वार्ट्झची कुपी हातात घेत आली होती, ती का घ्यायची हे नव्या माणसांना शिकवत आली होती, आणि घरी तिने स्वतःच्या हाताने सरडा आणि त्याचं ऊन यांच्यामध्ये काच ठेवली होती. तिने ती गॅरेजमध्ये भिंतीला टेकवली आणि कामावर परत गेली. आरुषीला मेसेज केला नाही.

संध्याकाळी बेबीताई आल्या, धुतलेला डबा परत द्यायला. बेबीताई मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या आणि आता मुलाकडे दोन गल्ल्या सोडून राहतात. रविवारची वंदना त्याच म्हणवून घेतात. त्यांनी चष्मा नाकावर सरकवून टाकीत पाहिलं.

"हा काय खातो?"

"पालक," प्रमोदिनी म्हणाली.

"आणि?"

"नथिंग एल्स," आरुषी सोफ्यावरून म्हणाली. "बिकॉज आईचं शील."

बेबीताई प्रमोदिनीकडे वळल्या. "अगं, शील तू घेतलंयस. या सरड्याने कधी घेतलं?"

"बेबीताई, आत्ता नको."

"मी चेष्टा करत नाहीये. हा पाय असा आमच्या वॉर्डातल्या पोरांचा व्हायचा. मुडदूस. हाडात जोर नाही राहिला याच्या." त्यांनी डबा ओट्यावर ठेवला. "उद्या डॉक्टरला सगळं खरं सांग हो. आया खोटं सांगतात. मी फार पाहिल्यात."

दुसऱ्या दिवशी थरथर पुढच्या पायांतही आली होती. बुटांच्या खोक्यात टॉवेल घालून आरुषीने त्याला मांडीवर घेतलं आणि गाडीत बसली.

डॉक्टरांचं नाव मेरे होतं. "किआ ओरा," असं माओरी भाषेत हसून अभिवादन करत त्यांनी खोका घेतला आणि मग हसणं बंद केलं. त्यांनी अंगठ्याने बिस्किटचा खालचा जबडा हलकेच दाबला. तो वाकला. एक्स-रेमध्ये हाडं इतकी फिकट होती की पडद्यावर शोधावी लागत होती.

"खाणं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

प्रमोदिनीने सांगितलं.

"पालकात कॅल्शियम आहे, पण पालक ते सोडत नाही. शरीरात असलेलंही बांधून टाकतो. आणि या वयात यांचं निम्म्याहून जास्त खाणं किडे असतात." त्यांनी टिपून घेतलं. "यूव्ही आहे?"

"आहे," आरुषी घाईने म्हणाली. "ब्रँड न्यू ट्यूब."

"नळी आणि त्याच्यामध्ये काही आहे? प्लास्टिक, काच?"

आरुषीने आईकडे पाहिलं. काचेचं तिला माहीत होतं. काचेने काय होतं ते माहीत नव्हतं.

"काच होती," प्रमोदिनी म्हणाली. "मे महिन्यापासून. मी ठेवली. काल काढली. साध्या काचेतून यूव्ही जात नाही, हे मला माहीत आहे. माझं कामच ते आहे."

बिस्किटचा पाय टॉवेलवर टकटक करत होता.

मेरेंनी दोष दिला नाही आणि धीरही दिला नाही. कॅल्शियमचं औषध सिरिंजने ओठाच्या कडेला सोडायचं. नळी उघडी. पालक बंद, त्याऐवजी डँडेलियनची कोवळी पानं, भोपळा. आणि किडे.

"जिवंत रातकिडा त्याला पकडता येणार नाही," त्या म्हणाल्या. "जबडा चालत नाही. लहान रातकिडे आणा. चिमट्याने डोकं चिरडा, मागचे पाय काढा, कॅल्शियमच्या भुकटीत घोळा आणि अंग वळवळतंय तोवर तोंडासमोर धरा. वळवळ पाहिली तरच तो तोंड उघडेल. शुक्रवारी परत आणा. तोवर स्वतःहून गिळायला लागला तर आपल्याकडे वेळ आहे. नाही लागला, तर त्याला असं जगवत ठेवणं बरोबर होणार नाही."

"मीनिंग?" आरुषीने विचारलं.

"मीनिंग तुला कळलंय," प्रमोदिनी म्हणाली.

रातकिड्यांचा डबा मागच्या सीटवर ठेवला होता. तो घरापर्यंत ओरडत आला.

चिमटा आरुषीने मागून घेतला. "आय विल डू इट. यू डोन्ट हॅव टू." ओट्यावर तिने एक रातकिडा पकडला. त्याच्या मिशा हलत होत्या. ती चिमटा दाबायला गेली, थांबली, पुन्हा गेली. मग तिने तोंड फिरवलं.

"आय कान्ट. ही इज लुकिंग ॲट मी."

"दे इकडे."

"आई, तू नको. तुला नाही..."

"आरुषी, दे."

प्रमोदिनीने चिमटा घेतला आणि दाबला. आवाज अगदी बारीक आला, भाजलेला पापड दुसऱ्या खोलीत कोणी मोडावा तसा. तिने पाय काढले, त्याला भुकटीत घोळलं आणि टाकीत धरलं. बिस्किटने एक डोळा उघडला आणि मिटला. वळवळ थांबली. तिने दुसरा घेतला. त्यालाही त्याने पाहिलं नाही. न खाल्लेले दोन तिने कागदात गुंडाळले. ते कुठे टाकायचे हे तिला पटकन सुचेना. शेवटी ती बागेत गेली आणि जिथे कोळी सोडायची तिथेच पुरून आली.

बुधवारी सकाळी, कामावर जाण्याआधी, पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. सिरिंजमधलं औषध त्याच्या जबड्यावरून ओघळत होतं, अर्धं आत, अर्धं टॉवेलवर. फोनवर संभाजीने विचारलं, "मी येऊ का रजा टाकून?" ती म्हणाली, "येऊन काय करशील? त्याला भूक लागली पाहिजे." रोज काही रातकिडे मरत होते आणि सरडा काही खात नव्हता. हा हिशेब तिने कोणाला बोलून दाखवला नाही. आरुषी तिच्या शेजारी उभी राहून भुकटीची बशी धरायची. दोघींमध्ये त्याबद्दल काही ठरलं नव्हतं.

गुरुवारी संभाजी दारातून आत आला तेव्हा दोघी टाकीपाशी होत्या. थरथर कमी होती. त्याचं कारण औषध आहे की थकवा, हे कळायला मार्ग नव्हता. तो बूट न काढता मागे उभा राहिला. प्रमोदिनीने चिमटा दाबला.

"चार वर्षं झाली, माझ्यासाठी कोलंबी सोलायला नाही म्हणतेस," तो हळूच म्हणाला.

"बाबा, शट अप."

रातकिडा वळवळत होता. प्रमोदिनीने तो बिस्किटच्या नाकापासून थोडा दूर धरला, मग आणखी थोडा दूर नेला. तसं करायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. बिस्किटचं डोकं त्याच्या मागोमाग वळलं. तोंड उघडलं, वाकडं, एका बाजूने. जीभ बाहेर आली. चिमट्याला ओढ जाणवली आणि चिमटा रिकामा झाला. तो बराच वेळ चावत राहिला. मग गळा हलला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. "आणखी एक," आरुषी म्हणाली, आणि बशी पुढे केली.

शुक्रवारी डॉक्टर मेरेंनी पुन्हा जबडा दाबला. तो तितकाच मऊ होता. वेळ मिळालाय, एवढंच त्या म्हणाल्या. हाडं भरायला महिने लागतील, पाय कदाचित वाकडाच राहील, आणि जबडा घट्ट होईपर्यंत खाणं असंच भरवावं लागेल.

रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये वंदना झाली. बेबीताईंनी पंचशील म्हणायला सुरुवात केली. सगळ्यांनी हात जोडले. जीवहत्येपासून दूर राहण्याचं पहिलं शील आलं तेव्हा प्रमोदिनीचे हात जोडलेले होते, ओठ बंद होते. दुसऱ्यापासून ती सगळ्यांबरोबर म्हणू लागली.

चहाच्या वेळी बेबीताई कप घेऊन तिच्या बाजूला आल्या.

"चारच म्हटलीस."

"पहिलं म्हटलं असतं तर चौथं मोडलं असतं."

चौथं शील खोटं न बोलण्याचं. बेबीताईंनी चहाचा घोट घेतला. "किती दिवस?"

"जबडा घट्ट होईपर्यंत."

"बरं." त्यांनी बिस्किटांची बशी तिच्यापुढे केली, मग बशीकडे आणि तिच्याकडे पाहून हसू दाबलं. "घे गं. ही वळवळत नाहीत."

जेवणाला न थांबता प्रमोदिनी आणि आरुषी निघाल्या. टाकीतले दिवे मालवण्याआधी खाणं पचायला वेळ लागतो, म्हणून उशीर करून चालत नाही. घरी आल्यावर आरुषीने ओट्यावर कागद पसरला, भुकटीची बशी ठेवली, डबा आणला आणि झाकण उघडायच्या आधी आईकडे पाहिलं. प्रमोदिनीने बाह्या वर केल्या आणि चिमटा उचलला.