आबा कशाने गेले?

परवा परतूरजवळच्या एका गावातून परत येताना मी ऑटोत एकटीच हसत होते... ऑटोवाला आरशातून सारखा बघत होता. सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही म्हणून लिहितेय. (त्या घरातल्यांना विचारूनच, नावं बदलून.)

आधी माझं काम सांगते, म्हणजे ज्यांना खुर्ची मागे सरकवायची त्यांनी सरकवून घ्यावी. मी डॉक्टर आहे, पण जिवंत पेशंट माझ्या वाट्याला येत नाहीत. खेड्यात पुष्कळ माणसं घरीच जातात आणि कशाने गेली ते कुठेच लिहिलं जात नाही. मग आमची टीम त्या घरी जाऊन शेवटी काय काय झालं ते विचारून आणते, आणि दोन डॉक्टर वेगवेगळे बसून कारण ठरवतात.

जगात कोणता आजार किती माणसं नेतो हे कळतं ना, त्यात अशा ओसरीवर बसून केलेल्या चौकशीचाही वाटा असतो! आई मात्र स्थळ आलं की "सर्व्हेचं काम करते" एवढ्यावरच भागवते.

तर या आबांच्या बाबतीत आमचं जुळेना. साठीचे, धडधाकट, रात्री जेवून झोपले आणि ऊन चढायच्या आत गेले. दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलं, अन्नातून विषबाधा. मी लिहिलं, सांगता येत नाही. मग "जा, नीट विचारून या" म्हणून मलाच पाठवलं...

घरी आबांची बायको, म्हणजे मावशी, आणि सून सविता. मुलगा जालन्याला एमआयडीसीत कामाला, घरी येणं कमीच झालेलं. मावशींनी स्वतः चहा करून आणला, गुडघे धरत धरत. तरणीताठी सून मात्र उंबऱ्याशी नुसती उभी. माझं तोंड कुठलं गप्प बसतंय... म्हटलं, मावशी, तुम्ही कशाला त्रास घेतला?

"तिच्या हातचं आम्ही खात न्हाई," मावशी तिच्यादेखत म्हणाल्या. "त्या रातीची भाजी तिनंच केल्ती."

मी कप खाली ठेवला. वर्ष होत आलं होतं या गोष्टीला. आमच्यासाठी आबा म्हणजे भरायचा राहिलेला एक रकाना, आणि इथे या पोरीचा अख्खा संसार त्यावर अडलेला.

मग मी ठाण मांडून बसले. भाजी होती वांग्याची, घरातल्या सगळ्यांनी खाल्लेली. बाकी कोणाला साधं मळमळलंसुद्धा नाही. आबांनाही ना उलटी, ना जुलाब.

"पहाटं उठले, पोट दुखून राह्यलं म्हणले. मंग म्हणले, थुंकी बी गिळंना."

आणि डोळे? मावशींनी दोन बोटांनी स्वतःच्या पापण्या खाली ओढून दाखवल्या. "असे झाल्ते. बिलकुल उघडंनात. मला वाटलं झोप येऊन राह्यली... म्हणलं, पडा जरा."

आबा झोपले कुठे होते, मी विचारलं.

"कापसापाशी. खाली."

आमच्या भागात यात नवल काहीच नाही. भाव येईपर्यंत कापूस घरातच भरायचा, अर्धी खोली छतापर्यंत, आणि घरातल्या थोरल्याने शेजारीच अंथरूण टाकायचं. कापसात उंदीर शिरतात, आणि उंदरांमागे साप.

फक्त विचारायचं, सांगायचं काही नाही, असा आमचा नियम आहे. पण त्या उंबऱ्याकडे बघून मला राहवेना. म्हटलं, मावशी, मला ही मण्यार वाटते. दात इतके बारीक की झोपेत चावली तर कळतही नाही, बऱ्याचदा खूणही दिसत नाही. पोट दुखतं, पापण्या पडतात, गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. शंभर टक्के आता कोणीच सांगू शकणार नाही... पण सगळ्यांनी खाल्लेली भाजी एकट्या आबांना असं करणार नाही.

मावशी हळूच म्हणाल्या, "कापूस इकायला काढला तवा तळातून निघाल्ती एक. काळी, वर पांढरे कडे. गड्यानं मारली... पण ते अन् हे, कोणीच जोडलं न्हाई."

सविता उंबऱ्यावरच खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

खरं सांगू? मला एकीकडे नाचावंसं वाटत होतं आणि दुसरीकडे सविताकडे बघवत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून डॉक्टरकी सुरू केली... यंदा कापूस घरात भराल तर खाटेवर झोपा, मच्छरदाणी नीट खोचून घ्या. पहाटे कोणाच्या पापण्या जड झाल्या तर खूण शोधत बसू नका, जल्दी दवाखाना गाठा, यावर इंजेक्शन असतं. (वाचणाऱ्यांनो, हे तुम्हालाही!)

निघायला उठले तर मावशींनी हात धरून खाली बसवलं. मान न वळवताच म्हणाल्या, "सविता, चहा ठेव. बाईंला... अन् मला बी."

चहा आला. सविताने कप मावशींपुढे ठेवला. मावशींनी बशीत ओतला, फुंकर मारली, आणि त्या पहिला घोट घेईपर्यंत आम्ही दोघी श्वास रोखून बघत होतो...

आता जगाच्या हिशोबात आबा बहुतेक त्यांच्या बरोबर जागी जातील, आणि तो हिशोब वाचणाऱ्या कोणाला हा चहा कधी कळणार नाही. पण मावशी, तुम्ही तो घोट माझ्यासमोर घेतलात, त्याबद्दल तुमचे खूप खूप आभार.