लाखेने जोडलेला टप

नवऱ्याने तो खोका माझ्या हातात ठेवला तेव्हा मला वाटलं बांगड्या असतील. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे असल्या अपेक्षा अजून शिल्लक होत्या. खोक्यावर एका मोटारीचं चित्र होतं. तसली मोटार मी चांद्याच्या रस्त्यावर कधी पाहिली नव्हती. टप इतका बसका की आतला माणूस मान वाकवूनच बसत असावा. तोंडावरचं झाकण गायब, इंजिन उघडं, मागची चाकं मोठी, पुढची लहान, आणि नाकापासून दारापर्यंत पिवळ्या ज्वाळा रंगवलेल्या. उघडून पाहिलं तर आत मोटार नव्हतीच. प्लास्टिकच्या चौकटींना देठांनी लटकलेले बारीक बारीक तुकडे होते, आणि ते कसे जोडायचे याच्या चित्रांचा एक कागद.

बल्लारशाच्या कागद कारखान्यात यंत्रं बसवायला एक अमेरिकन फिटर आला होता. तो परत निघाला तेव्हा त्याचं सामान स्टेशनवर पोचवायचं काम माझ्या नवऱ्याच्या ट्रककडे आलं, आणि जाताना त्याने हा खोका बक्षीस म्हणून दिला. त्याच्या देशातली तरणी पोरं म्हणे जुन्या मोटारी घेतात, टप कापून खाली बसवतात, नको ते काढून फेकतात आणि मग भरधाव पळवतात. खोक्यातली मोटार त्याच जातीची, फक्त ओंजळीत मावेल एवढी. चांगली मोटार कापायची म्हणजे काय डोकं, असं म्हणत नवरा हसत होता, पण डोळे चित्रावरून हलत नव्हते. जोडणं मात्र त्याला जमणारं नव्हतं. ट्रकचं चाक तो एकटा बदलायचा आणि सुईत दोरा मात्र मला ओवून द्यावा लागायचा. माझे वडील चांद्याला घड्याळं दुरुस्त करत. पाटीवर अक्षर काढण्याआधी मी त्यांचा चिमटा धरायला शिकले होते. तेव्हा ते काम माझ्याकडे आलं, आणि खरं सांगायचं तर मी ते दुसऱ्या कोणाला करू दिलंही नसतं.

आमचं घर मूल–चांदा रस्त्याला लागून होतं. घरात आम्ही तिघं: मी, नवरा आणि सासू, जिला मीही माय म्हणत असे. सासरे बैलगाडीवर जंगलातलं लाकूड वाहायचे. ते गेले, बैल विकले गेले आणि मुलगा ठेकेदाराच्या ट्रकवर ड्रायव्हर झाला. पावसाळ्यात जंगलातली तोड बंद असे, पण डेपोत रचून ठेवलेलं लाकूड बल्लारशाच्या स्टेशनवर न्यायचं काम चालूच राही. वाटेत नाले होते. त्यांच्यावर पूल नव्हते, रपटे होते, म्हणजे पात्रातच घातलेली बुटकी फरशी. पाणी फरशीखाली असलं की गाडी वरून जायची आणि फरशीवरून वाहू लागलं की थांबायचं. थांबायचं की गाडी पाण्यात घालायची, हे ड्रायव्हर ठरवायचा. मला भीती होती ती एवढ्याचीच. माझा नवरा थांबणाऱ्यांपैकी नव्हता.

ती भीती बोलायची सोय नव्हती. गाडीवर गेलेल्या माणसाचं भेव तोंडावर आणायचं नाही, हा सासूचा नियम होता. कधी येणार विचारायचं नाही, पाऊस फार झाला म्हणायचं नाही, दारात उभं राहून रस्त्याकडे पाहायचं नाही. मी सातवी पास झालेली, असल्या गोष्टींना नाक मुरडणारी. तरीही पाळत होते, कारण सासूशी वाद घालण्यापेक्षा गप्प बसणं स्वस्त पडायचं. पण बोलायचं नाही म्हणून भीती कमी होत नाही. ती आत मुरते. लांबून येणारा प्रत्येक ट्रक मी कानांनी तपासत असे, आणि तो दुसऱ्याचा निघाला की हातातलं भांडं उगाच आपटत असे.

मोटार जोडायला घेतल्यावर दुपारी बऱ्या जाऊ लागल्या. एकेक तुकडा देठावरून पात्याने सोडवायचा, देठाची खूण नखाने आणि मग काचपेपरने घासायची, कागदावरच्या चित्राशी ताडून पाहायचा. खोक्यातल्या नळीतला चिकट पदार्थ अर्धा वाळला होता. तो इंजिन जोडण्यातच संपला. मग धावड्याचा डिंक लावून पाहिला. तो वाळला की खपलीसारखा निघून यायचा. शेवटी जंगलातून लाख गोळा करून बाजाराला नेणाऱ्या एका गोंड बाईकडून मूठभर लाख घेतली. दाभण निखाऱ्यावर तापवायचं, त्याच्या टोकावर लाखेचा थेंब उचलायचा आणि सांध्यात सोडायचा. थोडं जास्त तापलं की प्लास्टिकच ढिलं पडायचं. एक दार मी असंच वाकडं करून ठेवलं.

रंग नवऱ्याने गॅरेजच्या पेंटरकडून डबीभर आणला. त्याच्या ट्रकचं तोंड लाल होतं आणि काचेखाली पांढरा पट्टा होता. मोटारही तशीच हवी, असा त्याचा हट्ट. मी तशीच रंगवली. सासूने ती हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि ही तर आपलीच गाडी आहे म्हणाली. ठेकेदाराने ऐकलं असतं तर त्याला नवल वाटलं असतं, पण आम्ही तिघंही त्या ट्रकला आपलीच गाडी म्हणायचो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. पळसाच्या पानाने कोमट तूप-हळद खांद्यांना लावायची आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. बैल गेल्यापासून सासू त्या संध्याकाळी नुसतीच बसून राहायची, असं नवरा सांगे. त्या वर्षी तिने तूप गरम केलं, फळीवरची मोटार पाटावर मांडली आणि पानाने तिच्या तोंडाला हळद लावली.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," ती म्हणाली. ती बैलांना म्हणायची तसंच, हळू आवाजात.

मला हसू आलं आणि रागही आला, कारण रंग नुकताच वाळला होता आणि त्याला तूप लागलेलं मला नको होतं. नवरा बल्लारशाला गेला होता. पोळ्याच्या जेवणाला घरी येतो, असं तो आपणहून सांगून गेला होता.

पोळ्याच्या सकाळी पावसाची झड लागली होती. सासू पुरण वाटत होती. नवरा यायच्या आत मोटार चित्रातल्यासारखी करून त्याच्यापुढे ठेवायची, असं माझ्या डोक्यात होतं. ज्वाळा काढायच्या होत्या आणि त्याआधी टप कापायचा होता, कारण खोक्यातला टप चित्रातल्यापेक्षा उंच होता. काचांच्या कडेच्या चार खांबांतून थोडा थोडा भाग काढला की टप खाली बसणार होता. मी पातं तापवलं आणि चारही खांबांना पहिला काप दिला. काम सुरेख झालं. टप डाव्या हातात आणि मोटार उजव्या हातात धरून मी स्वतःवर खूश होते, तेवढ्यात सासू दारात आली.

ती ओरडली असती तर मी उलट बोलले असते. ती खाली बसली. पुरणाने भरलेले हात तिने मांडीवर ठेवले आणि हळद लागलेल्या त्या बिनटपाच्या गाडीकडे पाहत राहिली. मी स्वतःला सांगितलं, प्लास्टिक आहे.

दुपार झाली, नवरा आला नाही. चांद्याला निघालेला शेजारचा एक माणूस सायकल ढकलत वाटेतूनच परत आला. रपट्यावरून पाणी आहे, पलीकडच्या बाजूने घातलेला एक ट्रक मधेच अडकलाय, असं तो सांगत होता. माणसं होती का, हे पावसात त्याला दिसलं नव्हतं. ट्रकचं तोंड लाल आहे, एवढं दिसलं होतं.

लाल तोंडाचे ट्रक पुष्कळ असतात. हे मी मोठ्याने म्हटलं आणि माझाच आवाज मला ओळखू आला नाही. पाण्यात काय काय होत असेल ते मला डोळे उघडे असताना दिसत होतं, दार उघडताना, काच फुटताना, त्याचा हात.

"जोड ते," सासू म्हणाली.

"माय, त्यानं काय होते?"

"काई नाई होत. जोड."

मी निखारे ओढले, लाख तापवली. घड्याळवाल्याच्या मुलीचा नेम आयुष्यात पहिल्यांदा चुकला. पहिला थेंब टपावरच सांडला. दुसरा खांबात गेला, पण टप सरकला. तेव्हा सासू जवळ सरकून बसली आणि तिने दोन्ही हातांनी टप खांबांवर दाबून धरला. मी लाख सोडत गेले. एक थेंब तिच्या अंगठ्यावर पडला. चटका बसला असणारच, पण तिने हात काढला नाही. लाख गार होऊन कडक झाल्यावरसुद्धा ती धरूनच बसली होती. मला तिचे हात सोडवावे लागले.

टप वाकडा बसला. सांध्यांवर तांबडे काळपट गोळे राहिले.

संध्याकाळी तोरणाखालून सुटलेले बैल गावभर दारोदार आले. सणाच्या दिवशी दारात आलेला बैल परत पाठवता येत नाही. आम्ही दोघींनी त्यांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, पोळ्या खाऊ घातल्या, मालकांशी हसून बोललो. रपट्यावर जाऊन पाहायचं तर वाटेतला दुसरा नालाही भरला होता, गावातली माणसं तिथूनच परत आली होती. सासूने पुरणपोळीचं एक ताट मोटारीपुढे ठेवलं. आम्ही दोघी जेवलो नाही आणि जेवलो नाही हे एकमेकींना सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पाऊस उघडला होता. सजवलेले लाकडी नंदी चाकांवर ओढत पोरं दारोदार फिरत होती आणि मी त्यांच्या हातांवर खाऊ ठेवत होते. त्या गलक्यातच एक बैलगाडी आमच्या दारापुढे थांबली. तिच्यातून चिखलाने भरलेला माझा नवरा उतरला. अनवाणी होता, ओठ पांढरे पडले होते, आणि तो हसत होता. मला त्याला मिठी मारायची होती आणि एक ठेवूनही द्यायची होती. चारचौघांत दोन्ही शक्य नव्हतं. मी पाणी आणायला आत गेले आणि हंड्याला धरून रडले.

जेवता जेवता त्याने सगळं सांगितलं, ड्रायव्हर सांगतात तसं, गंमत करून. ट्रक रिकामा होता. पाणी फरशीवर होतं, फार नव्हतं. पोळ्याचं जेवण थंड होईल म्हणून त्याने गाडी घातली. मधोमध इंजिन बंद पडलं आणि वरून पाण्याचा लोंढा आला. पाणी सीटला लागलं तेव्हा तो आणि क्लीनर टपावर चढले. उजाडून पाणी उतरेपर्यंत दोघं टपावरच बसून होते. मग पलीकडच्या गावकऱ्यांनी दोर टाकला.

टप हा शब्द आला तेव्हा सासूने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तिच्याकडे पाहिलं नाही. लाखेच्या चार थेंबांचा आणि रपट्यावरच्या पाण्याचा काही संबंध नाही, असं मी तेव्हाही मनात म्हटलं आणि आजही कोणी विचारलं तर तेच म्हणेन. म्हणताना हात मात्र कशावर तरी टेकवते.

हात धुऊन त्याने फळीवरची मोटार उचलली. टप वाकडा बसल्याचं त्याला लगेच दिसलं. चित्रात तर तो खाली आहे, मीच कापून बसवतो, असं म्हणत त्याने खिशातला चाकू उघडला.

"नका कापू," मी म्हणाले.

"काऊन?"

सासू चुलीजवळ होती. तिचा नियम मला ठाऊक होता. पण आदल्या दुपारपासून जे गिळत होते ते आता गिळवेना.

"मले भेव लागते. या मोटारचं नाई, तुमचं. तुमी गेले का मले रोज भेव लागते."

मला वाटलं सासू मला गप्प करील. तिने केलं नाही. नवऱ्याच्या तोंडावरचं हसू गेलं. त्याने चाकू मिटला आणि मोटार होती तशी फळीवर ठेवली.

"मलेबी लागते," तो म्हणाला. "काल तं लईच लागलं."

तो नंतरही ट्रकवर गेला, आणि कितीतरी पावसाळे मी त्या रस्त्याचे आवाज ऐकत काढले. मोटारीवर ज्वाळा मी कधी काढल्या नाहीत. वाकड्या टपाची, लाखेच्या गोळ्यांची ती गाडी आमच्या देवांच्या फळीवर जाऊन बसली. पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी सासूने पुन्हा तूप गरम केलं. नवरा तेव्हाही गाडीवर होता आणि पाऊस होता. तिने पानाने टपाला हळद लावली, अंगठ्यावरच्या डागाने सांधा चाचपला, आणि पिढ्यान् पिढ्या चालत आलेले शब्द बदलले.

"आज आवतन घ्या," ती म्हणाली. "पानी असन तं थांबा. उद्या नाई जमलं, तं परवा जेवाले या."