फाटकावरची काडेपेटी

प्रभू येशूला मी लहानपणापासून जगाचा प्रकाश म्हणत आले, आणि मधे वर्षभर त्याच्या नावानं एक साधी मेणबत्ती लावणंही माझ्याच्यानं होत नव्हतं. रविवारी चर्चमध्ये बसायचे ती मागच्या दाराजवळ, वेदीवरच्या ज्योतीपासून जितकं लांब बसता येईल तितकं. गाणी म्हणायचे, डोळे मिटायचे, पण सगळं लक्ष त्या ज्योतीकडं. विश्वास आहे म्हणावं तर ही गत, आणि नाही म्हणावं तर गुडघे टेकल्याशिवाय झोप येत नसे. रोज एकच मागणं असायचं, प्रभू, ही भीती काढून घे. तो काढत नव्हता. खरं सांगते, कधीकधी वाटायचं की वर कुणी ऐकतच नाही.

आम्ही तेरखेड्याच्या शिवारात, गावापासून जरा लांब राहतो. लग्नानंतर मी फटाक्यांच्या कामाला लागले. कागदाच्या नळ्या वळायच्या आणि त्यात दारू भरायची. शेडच्या दारात ओलं पोतं अंथरलेलं असायचं. अनवाणी पायांनी त्यावर उभं राहायचं, भिंतीला हात टेकवायचा आणि मगच आत पाऊल टाकायचं. अंगातली वीज त्यानं जमिनीत उतरते, असं सांगत. काडेपेटी, मोबाईल सगळं फाटकाबाहेर. एवढं सांभाळूनही एका हिवाळ्यात भर दुपारी शेजारची शेड पेटली. जेवणाची सुट्टी होती, आत कुणी नव्हतं, माझ्या अंगावर तर ठिणगीही उडाली नाही. पण तो आवाज माझ्या छातीत शिरला आणि तिथंच राहिला.

काम सुटलं ते सुटलंच, घरातली चूलही सुटली. गॅसच्या शेगडीवर मी चादर टाकून ठेवली, जणू तिथं कुणी आजारी माणूस झोपलंय. आणि शेडवरचा नियम घरी आणला. काडेपेटी घरात नको. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून ती अंगणापलीकडच्या फाटकाला टांगली. आमचे मालक रोज सकाळी तिथून काडी आणून चूल पेटवत. स्वयंपाक आत्या करत, म्हणजे माझ्या सासूबाई. त्या काही मला बोल लावत नसत, पण चिडवायची संधी कशाला सोडतील? "बाप्तिस्म्याचं पाणी तुला लईच लागलंय, पोरी," त्या म्हणायच्या. "चुलीत इस्तव दिसला की तूच इझायला लागतीस."

नाताळ तोंडावर आला आणि आत्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात पडदा. डॉक्टरांनी चुलीच्या धुराजवळ जायचं नाही असं बजावलं होतं. मग मालकच भाकरी थापायला लागले. कुठल्याच भाकरीला गोल म्हणता आलं नसतं, पण आम्ही मुकाट्यानं खाल्ल्या.

त्या सकाळी ते चहा करून, माझ्यामुळं चुलीतले निखारेही विझवून, आत्यांच्या डोळ्यात घालायचं औषध आणायला मोटारसायकलवर कळंबला गेले. रात्री अवकाळी पाऊस झाला होता. सकाळी असं धुकं उतरलं की अंगणातला लिंबसुद्धा दिसेना. सगळं पांढरं आणि मऊ झालं होतं, पाण्याचे थेंब पडत होते ते कुठून पडतात तेही कळत नव्हतं. मी उंबऱ्यात उभी होते. आपण जागे आहोत की अजून स्वप्नात, असं वाटावं अशी ती वेळ होती. तेवढ्यात धुक्यातून मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या. लांबून, जवळून, मग पुन्हा लांबून. आणि एक बाई अंगणात येऊन उभी राहिली.

धनगरीण होती. मेंढ्यांचा तळ ओढ्याकडं पडला होता. लुगडं चिंब, पदराखाली काहीतरी घट्ट धरलेलं.

"बाई, काडीपेटी हाय का? आमची भिजली सारी," ती म्हणाली. "लेकरू लई गारठलंय. दूध बी ओढंना."

पदर बाजूला केला तर आत मुलगी होती, वाटेतच जन्मलेली, अजून नावही न ठेवलेली. ओठ निळसर पडले होते. ती रडत नव्हती, आणि तेच भयंकर होतं. मी धावत जाऊन फाटकावरचा डबा काढला. आत काडेपेटी खडखडीत कोरडी. ती बाईच्या हातात दिली आणि म्हणाले, "तुम्ही पेटवा, मी धरते हिला."

हे मी भीतीपोटीच म्हणाले होते. पण बाळाचे पाय माझ्या गळ्याला लागले. इतकं लहान माणूस इतकं गार कसं असू शकतं? तिकडं घरात चुलीपाशी त्या बाईची बोटं गारठून लाकडं झाली होती. काडी धरायची, मोडायची. दुसरी धरायची, खाली लुगड्यातून निथळलेल्या पाण्यात पडायची. पेटीत थोड्याच उरल्या होत्या.

आत्या खाटेवरून म्हणाल्या, "आण ते लेकरू हिकडं." त्यांनी बाळाचे ओले कपडे सोडले, त्याला आपल्या उघड्या छातीशी घेतलं, वरून गोधडी ओढली आणि पट्टी बांधलेलं तोंड माझ्याकडं वळवलं. "आता तू जा. मी हितं प्रार्थना करती."

त्या बाईनं काडेपेटी माझ्या हातात ठेवली. माझ्या कानात ती शेड पुन्हा पेटली. काय सुचलं कोण जाणे, दारातलं पावसानं भिजलेलं पोतं मी ओढून चुलीपुढं आणलं आणि त्यावर अनवाणी उभी राहिले. भिंतीला हात टेकवला. मोठी प्रार्थना आठवेना, एवढंच तोंडून आलं, "प्रभू, माझी भीती राहू दे, पण लेकरू जगू दे."

तळव्यांना गार ओल लागली. अंगातून काहीतरी सरसरत खाली गेलं. ते काय होतं, मला सांगता येणार नाही. मागं कुणीतरी उभं आहे आणि त्याला अजिबात घाई नाही, असं वाटलं. मागं वळून पाहिलं असतं तर धुकंच दिसलं असतं, म्हणून पाहिलं नाही. मी काडी ओढली. स्फोट झाला नाही. सर्रर्र असा हलकासा आवाज आला, एवढंच. माझ्या बोटांत इवलीशी पिवळी ज्योत होती. ती मी वाळल्या पाचटाला लावली.

मग आम्ही दोघींनी फडकी शेकून शेकून आत्यांकडं दिली. बराच वेळ काहीच झालं नाही. आत्यांचे ओठ नुसते हलत होते. आणि मग गोधडीतून एक रडणं फुटलं, आधी बारीक, मग चांगलं खणखणीत. बाळाची आई तिथंच जमिनीवर बसली आणि तीही रडायला लागली. माझ्या छातीत वर्षभर तो एकच आवाज कोंडला होता. त्या दिवसापासून तिथं हे रडणं आहे.

ऊन पडल्यावर तिचा नवरा शोधत आला. बाळ पोटभर पिऊन झोपलं होतं. निघताना ती बाई म्हणाली, "धुक्यात काय बी दिसत नव्हतं, बाई. तुमचा डबा तेवढा फाटकावर थेंबानं वाजत व्हता. त्या आवाजावर आले."

ती गेल्यावर मी चुलीपुढं बसून राहिले. घरात ठेवली असती तर त्या ओलीत काडेपेटी सादळलीच असती. माझ्या भीतीनं ती घराबाहेर काढली होती, आणि त्याच भीतीचा डबा प्रभूनं हाकेसारखा वाजवला. मी वर्षभर म्हणत होते, ही घेऊन जा. त्यानं घेतली नाही, वापरली. आपण देवाच्या हाती चांगलं तेवढंच द्यायला जातो. त्याला आपलं भ्यालेपणही चालतं, हे मला ठाऊक नव्हतं.

नाताळच्या पहाटे वेदीवरची मेणबत्ती मी लावली. हात थरथरला, अजूनही थरथरतो. गॅसवरची चादर मी धुऊन वाळत घातली. काडेपेटी आता चुलीशेजारी कोनाड्यात असते.

फाटकावरचा डबा मात्र काढलेला नाही. त्यात मी दुसरी काडेपेटी ठेवली आहे, कुणाची भिजली तर असावी म्हणून. वारा सुटला की तो वाजतो. मग खाटेवरून आत्या म्हणतात, "बघ गं, कोण आलंय." आणि मी उठून बघते.