नववीची चाळण

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सांडोरच्या आमच्या बागेत मांडवावरचे दुधी उतरवत होते. नंदाखालहून माहेरचा शेजारी सायकल दामटत आला, कुंपणाशीच थांबला आणि "मंदाताई, सर गेले" एवढंच म्हणाला. माझा सख्खा भाऊ, पण गावात त्याला नावाने कुणी ओळखत नसे. तो सगळ्यांचा सर. शाळेत पेपर तपासता तपासता खुर्चीतच त्याने मान टाकली होती. चाळिशी नुकतीच ओलांडली होती त्याने. त्या दिवशी मी जे रडले ते खरं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल, या बाईला भाऊ गेल्याचं काही नाही. आहे. पण तेराव्यानंतर दुसरं एक दुःख पदरात पडलं आणि ते पहिल्यापेक्षा चिवट निघालं.

माझ्यात आणि दादात पंधरा वर्षांचं अंतर. मी पाटीवर रेघोट्या मारत होते तेव्हा तो बी.एस्सी. होऊन आमच्याच शाळेत गणित शिकवायला लागला होता. सकाळी बागेला पाणी लावायचा, मग आंघोळ करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून सायकल काढायचा. मागे कॅरिअरवर मी. वाटेत पाढे म्हणून घ्यायचा, पावकी-निमकीसकट. शाळेच्या अलीकडे एक वळण होतं, तिथे मात्र मला उतरवायचा आणि एकटा पुढे जायचा. सरांची बहीण म्हणून माझे लाड होतात असं कुणाला वाटता कामा नये, हा त्याचा हट्ट. वर्गात मी त्याला सर म्हणायचं, आणि घरी शाळेचा विषय काढायचा नाही. पावसात चिखल तुडवत त्या वळणापासून जाताना मला रागही यायचा आणि अभिमानही वाटायचा... आपला भाऊ किती सरळ माणूस आहे!

अप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, मुलीच्या शिक्षणाचं कौतुक नव्हतं, पण विरोधही नव्हता. त्यांची एकच अट होती, आणि ती घरात सगळ्यांना पाठ होती. "पास होते तवर जाऊं दे. नापास झाली का बाग हायच." मी पास होत गेले. फार हुशार नव्हते, काठाकाठाने जायचे, पण जायचे. नववीत गेले तेव्हा अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीचा नवा बोर्ड आलेला होता आणि शाळाशाळांत निकालाची चढाओढ लागली होती. कुणाचा किती टक्के, हे लग्नाच्या पंगतीतही विचारायचे. शेजारच्या गावातल्या शाळेचा शंभर टक्के लागला त्या वर्षी दादा दोन दिवस धड जेवला नव्हता.

नववीचा निकाल लागला आणि माझ्या प्रगतिपुस्तकात गणिताखाली लाल रेघ आली. मला खरंच कळेना. पेपर बरा गेला होता. भूमितीचा एक सिद्धांत सोडला तर अडलं असं कुठेच नव्हतं. घराचा नियम मोडून मी दादाला विचारलं, मी खरंच इतकी चुकले का? तो सायकलची साखळी पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "घरात शाळेचं काढायचं नाही, मंदे." रात्री जेवताना अप्पांनी निकाल दिला, आता बस झालं. आईने दादाकडे पाहिलं, मीही पाहिलं. घरात अप्पा ऐकतील तर एकट्या त्याचंच, हे आम्हा दोघींना माहीत होतं. "पुढच्या वर्षी होईल पास," तो म्हणाला. अप्पा म्हणाले, "एका वर्गात दोनदा बसायला काय नवस केलाय?" दादाने भात तसाच ठेवला, हात धुतला आणि उठून गेला. त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघाला नाही.

पुढच्याच वर्षी शाळेचा शंभर टक्के लागला. दादाची गावातून मिरवणूक निघाली. घरी पेढ्यांचे पुडे आले आणि आळीत ते वाटायला मीच गेले. दारोदारी मी मोठ्या तोंडाने सांगत होते, आमच्या दादाच्या वर्गाचा एकही गेला नाही. जी गेली ती पेढे वाटत होती, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं... मग अठरा पुरी झाल्यावर लग्न, सांडोर, बाग, मुलगी. ती अभ्यासाला बसली आणि गणित निघालं की मी तिला वडिलांकडे पिटाळते. आई गणितात ढ आहे, हे तिला बोलायला लागल्यापासून माहीत आहे. मीच सांगितलंय.

तेराव्यानंतरच्या रविवारी शाळेत शोकसभा होती. हॉल भरलेला. मी वहिनीशेजारी पहिल्या रांगेत होते. निवृत्त मुख्याध्यापक बोलायला उठले. सरांच्या शिस्तीबद्दल बोलले, मग निकालावर आले. बोर्डात काठावरची मुलं स्वतः बुडतात आणि शाळेला बुडवतात, म्हणून सरांनी नववीतच चाळण लावली, असं त्यांनी सांगितलं. मोठ्या कौतुकाने सांगितलं. सर बागायतदाराचे चिरंजीव. म्हणायचे, केळीच्या बुंध्याशी फुटलेली सगळी पिलं राहू दिली तर घड भरत नाही, ती वेळेवर काढावीच लागतात. पालक भांडायला आले. आणि मग त्यांनी ते वाक्य सांगितलं, जे अजून माझ्या कानातून जात नाही. "सर म्हणाले, माझी सख्खी बहीण काठावर पास होती. तिलासुद्धा मी नववीतच ठेवली. आता बोला. पालक आल्या पावली परत! असा निःपक्षपाती माणूस पुन्हा होणे नाही."

हॉलमध्ये लोकांनी माना डोलावल्या. मागच्या कुणा बाईंनी हुंदका दिला. मी तिथे बसले होते आणि कुणाच्या डोक्यातही आलं नाही की ती बहीण म्हणजे हीच. काठावर पास होती... म्हणजे पास होते. इतकी वर्षं ज्या लाल रेघेखाली मी मान घालून जगले, ती माझी नव्हतीच. इतरांच्या मुलांना ठेवता यावं म्हणून आधी मला ठेवली. त्या इतरांतले मुलगे पुन्हा नववीला बसले आणि पुढे सरकले. मला अप्पा बसू देणार नव्हते, हे त्या वर्गात एकट्या दादाला माहीत होतं.

घरी आल्यावर वहिनीला विचारलं, तुला ठाऊक होतं? ती पदराशी चाळा करत राहिली. म्हणाली, "त्यांना वाटलं होतं, अप्पा ऐकतील." मी विचारलं, आणि ऐकलं नाही तेव्हा? वहिनी चहा टाकायला उठली. तिच्यावर मला राग नाही. राग त्याच्यावर आहे, आणि तो काढायला तो नाही. एका वाक्याचं काम होतं. अप्पा, पोरगी पास आहे, चूक माझी आहे. पण मग शाळेत मान खाली गेली असती. केळीची गोष्ट सांगणाऱ्या त्या बागायतदाराच्या चिरंजिवाला मला विचारायचं होतं, आपल्या बागेत काढलेलं पील कधी कुणी फेकलंय का? दुसरा खड्डा खणून ते लावतात रे, दादा. तूच लावायचास.

लोक म्हणतील, गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये. पण मला पडलेला प्रश्न साधा आहे. वर्गात एक मुलगी पस्तीस-अडतीस मार्कांनी पुढे सरकली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? शाळेचा निकाल दोन टक्क्यांनी खाली आला असता. त्या दोन टक्क्यांपेक्षा मी त्याला जवळची आहे, अशी माझी समजूत होती.

परवा शाळेने दादाचा फोटो नववीच्या वर्गात लावला. हार घालायला घरचं कुणीतरी हवं होतं. वहिनीला झेपेना, म्हणून मी गेले. त्याच वर्गात, फळ्याच्या वर, कडक इस्त्रीच्या शर्टातला दादा. तो शिकवताना बघायचा तसाच सरळ मागच्या बाकांकडे बघत होता. वर्गात अजून त्याचाच धाक होता. पोरं हाताची घडी घालून बसली होती. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली. हार घालून झाला आणि वर्गशिक्षिका म्हणाल्या, सरांच्या भगिनी आहेत, मुलांना दोन शब्द सांगा. मी काही ठरवून गेले नव्हते.

"मी याच वर्गात होते," मी म्हणाले. "आणि मी पास झाले होते."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांचं बोलून झालं की वाजवतात तशाच. मी फोटोकडे वळून पाहिलं नाही.