धुरपताकाकूचं मातीचं टोपलं

मला लिहायची सवय नाही. पण आमच्या घरातून जत्रेला निघणाऱ्या गाडीत मातीचं टोपलं का ठेवतात, हे घरातल्या नव्या सुना विचारतात, आणि सांगता येईल असा आता मीच उरलोय. जमेल तसं लिहितो.

धुरपताबाई ही माझी चुलती. नवरा लवकर गेला आणि एकुलती लेक सुगंधा नदीपलीकडं, लांबच्या गावी दिलेली. काकू आमच्याच घरात राहायची. हाडापेरानं बारीक, चालणं झपाझप, आणि डोळा सारखा विस्तवावर. लग्न होऊन आली त्याच दिवशी चुलीपाशी वाकताना तिचा पदर पेटला होता. सासूनं हातानं चोळून विझवला आणि खूप हसली. ते जळकं भोक पडलेलं लुगडं काकूनं घडी घालून ठेवलं होतं. नवी सून आली की तिला आधी ते दाखवायची, मग चूल दाखवायची.

तिच्या राज्यात चुलीतली राख पाणी शिंपडल्याशिवाय उकिरड्यावर जात नसे. कडब्याच्या गंजीजवळ कुणी विडी काढली तर ती काही न बोलता पाण्याची घागर घेऊन त्याच्या शेजारी उभी राही, आणि तो माणूस आपणहून विडी विझवी. पहाटे जात्यावर बसली की तिच्या ओव्यांत विठ्ठल कमी आणि घरकाम जास्त असायचं.

*चिमणी पेटवली, ठेवा तिला देवळीत*
*पोरं वाऱ्यावानी धावती ओसरीत*

घरात आम्हाला याची सवय झाली होती. अडचण व्हायची ती प्रवासात.

निजामाचं राज्य होतं; रझाकारांची गडबड सुरू व्हायच्या आधीचे, जरा निवांत दिवस. मार्गशीर्षात नदीपलीकडच्या माळावर खंडोबाची जत्रा भरायची. आम्ही सगळे दमणीनं जायचो. दमणी म्हणजे बसून फिरायची हलकी बैलगाडी. वर बांबूच्या कामट्यांचं छप्पर, त्यावर तट्टे, आत कडबा पसरून त्यावर गोधड्या. जत्रा संपेपर्यंत तेच आमचं घर. तिथंच निजायचं, तिच्याच आडोशाला भाकरी करायच्या. शेतावरची गाडी ही कामाची, पण दमणी हौसेची. माझा थोरला भाऊ किशनराव याला त्या दमणीचा भारी अभिमान. बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा, आणि परभणीहून आणलेला काचेचा कंदील पुढं टांगलेला.

मी सांगतोय त्या जत्रेच्या आदल्या वर्षी त्याच कंदिलावरून बिनसलं. माझ्या वहिनीचे, म्हणजे नर्मदावहिनीचे भाऊ दिनकरराव जत्रेत भेटले होते. किशनराव त्यांना दमणी दाखवत होता, तेवढ्यात काकू मध्येच म्हणाली की कंदील तट्ट्याला टेकायलाय, काढ तो. मग चाकाची खीळ बघ म्हणाली, मग बैल चाकाला बांधू नको म्हणाली. दिनकरराव गालात हसले. किशनरावाला ते हसणं वर्षभर बोचत राहिलं.

या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी त्यानं काकूपुढं स्पष्ट सांगून टाकलं.

"काकू, रस्त्यात सल्ल्याचा एक शबुद बोललात, तर ही तुमची शेवटची जत्रा. पुढल्या वर्षी तुमी घरी आन् आमी गाडीत."

काकूचा चेहरा उतरला. सुगंधेची भेट व्हायची ती फक्त जत्रेत. तिचं दुसरं बाळंतपण सासरीच झालं होतं, मुलगा झाला होता, आणि काकूनं नातवाचं तोंड अजून पाहिलेलं नव्हतं. यंदा पाहील, पण पुढं? ते पोर चालायला लागेल, बोलायला लागेल, ते सगळं त्या माळावरच बघायचं होतं. तिनं किशनरावाकडं पाहून ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. कबूल.

सकाळी गाडी निघाली तेव्हा काकूच्या मांडीवर फडक्यानं झाकलेलं एक टोपलं होतं. नातवासाठी लाडू असतील असं समजून किशनरावानं फडकं उचललं. आत माती. चाळलेली, कोरडी, काठोकाठ.

"नातवाला माती खाऊ घालायला निघालात व्हय?" माझी बायको केवळा हळूच म्हणाली आणि आम्ही सगळे हसलो. काकूनं पुन्हा ओठांवर बोट ठेवलं.  बोलायचं नाही असं ठरलं होतं, टोपलं घ्यायचं नाही असं ठरलं नव्हतं.

गाव मागं पडलं. ऊन कोवळं, तुरी फुलावर आलेल्या, बैल खुशीत. पोरं छपराबाहेर माना काढून पाखरं मोजत होती. थोड्या वेळानं डावं चाक वेगळंच वाजू लागलं. काकूनं कान टवकारले, तोंड उघडलं, मिटलं. गाडीच्या कठड्याला हात धरून ती चुळबुळ करायला लागली. आणि मग, जात्यावर बसल्यासारखी, सूर लावून:

*डाव्या गं चाकाचं बोलणं आलं कानी*
*खीळ ठोक रे राजसा, मग पाज बैलां पाणी*

किशनरावानं गाडी थांबवली आणि मागं वळून पाहिलं. "काकू, काय ठरलं होतं?"

 उत्तर नर्मदावहिनीनं दिलं. "बोलायचं न्हाई म्हणालात. गाण्याला कुठं बंदी घातलीत?"

तो खाली उतरला. आखाच्या टोकाची खीळ, जी चाक निसटू देत नाही, ती अर्धी बाहेर आली होती. त्यानं दगडानं ठोकून बसवली आणि पुन्हा कासरा हातात घेतला. पण त्याच्या मिशा हलत होत्या. हसू दाबायलाय हे मागूनही कळत होतं. त्यानंतर काकू मोकळी सुटली. उताराची ओवी झाली, ओढ्याच्या चिखलाची झाली, पोरांच्या बाहेर काढलेल्या मानांची झाली. पोरंही तिच्या मागं ओढून म्हणायला लागली.

दुपारी चारठाणा गावाच्या पुढं एका ओढ्याकाठी बैल सोडले. वारा सुटला होता. चूल पेटेना. किशनराव म्हणाला, गाडीच्या आडोशाला मांडा, दोन चाकांच्या मधोमध. सगळे तसंच करायचे, आम्हीही करायचो. पण आमच्या गाडीच्या पोटाखाली, आखाजवळ, वंगणाचा बांबूचा नळा टांगलेला होता. चाकांना घालायचं एरंडेलाचं वंगण त्यात भरलेलं. जत्रेचं लांबचं अंतर म्हणून किशनरावानं तो हौसेनं काठोकाठ भरला होता, आणि त्याच्या तोंडाचा चिंध्यांचा बोळा तेलानं थबथबला होता.

काकू पोरांना घेऊन बाभळीखाली गेली होती. तिथूनच सूर आला.

*दूर मांड गं चुलीला, वाऱ्याला न्हाई डोळा*
*गाडीच्या पोटाखाली तेलाचा भरला नळा*

"झकास," किशनराव म्हणाला. "आता दुसरी म्हणा. सल्ल्याच्या लय झाल्या." आणि तो बैलांना पाणी दाखवायला गेला.

चूल तिथंच राहिली. वहिनीच्या दोन-चार भाकरी झाल्या असतील. वारा फिरला. चुलीतला जाळ वर उचलला गेला आणि बोळ्यानं पेट घेतला. पेटलेलं तेल खाली टपटप गळायला लागलं, आणि चाकापाशी बैलांसाठी टाकलेला कडबा भुरभुर जळू लागला. वहिनी मागं सरली. किशनराव ओढ्याकडून घागर घेऊन धावत आला आणि तेलावर उपडी करणार, तोच काकू टोपलं घेऊन त्याच्या आणि गाडीच्या मध्ये उभी राहिली.

"किसना, पाणी न्हाई. तेल हाय ते, उडंल. माती टाक."

तिनं टोपलं उचललं आणि नळ्याच्या तोंडावर, गळणाऱ्या तेलावर माती ओतली. मग आम्हीही हातांनी ओढ्याकाठची माती ओढून टाकली, कडबा पायांनी लांब लोटला. जाळ गुदमरला आणि विझला. कडेनं खाली लोंबणाऱ्या तट्ट्याला भाकरीएवढं काळं भोक पडलं, बाकी दमणी शाबूत. तव्यावरची भाकरी मात्र एरंडेलाच्या वासानं न्हाली होती. ती केवळानं बैलाला दिली. बैलानंही हुंगून तोंड फिरवलं, तेव्हा आम्हाला हसू फुटलं.

काकू हसली नाही. रिकामं टोपलं मांडीवर घेऊन ती बाभळीखाली बसली. "बोलले की रे मी," एवढंच म्हणाली.

 किशनरावानं बैल जुंपले, गाडी निघाली. नदीपर्यंत ना त्याचा शब्द, ना तिची ओवी. पोरांनी दोनदा ओवी सुरू केली आणि मोठ्यांची तोंडं बघून थांबली. काकू वाटेकडं बघत होती. आपण ही वाट परत बघू की नाही, असं तिच्या मनात असावं.

उन्हं कलताना माळावर पोचलो. जिकडं तिकडं गाड्याच गाड्या, घुंगरांचा आवाज, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं. एवढ्या गर्दीत सुगंधेची गाडी शोधायची कशी? दरवर्षी अर्धा दिवस त्यातच जायचा. किशनराव जुवावर चढून उभा राहिला आणि कपाळाला हात लावून बघू लागला. काकू खालून त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"तिकडं," तो एकाएकी म्हणाला. "ती बघा सुगंधेची गाडी."

काकूनं विचारलं, एवढ्या लांबून कशावरून ओळखली?

"सगळ्यांच्या चुली गाडीच्या पोटाखाली हायेत. एकीचीच लांब हाय. आन् चुलीशेजारी मातीचं टोपलं हाय."

काकू टोपलं तिथंच टाकून धावली. आम्ही पोचलो तोवर नातू तिच्या कडेवर होता आणि सुगंधा डोळे पुसत हसत होती. तिची थोरली पोर चुलीजवळ जाणाऱ्या प्रत्येकाला हात पसरून अडवत होती. आजीचीच नात ती. सुगंधेचा नवरा अंगद तक्रारीच्या सुरात सांगू लागला की बाईसाहेब वाटेत गाडी थांबवून थांबवून जीव खातात, बोलून भागलं न्हाई की गातात. किशनराव त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "दाजी, गाऊ द्या."

मग तो आमच्या गाडीकडं परत गेला. काकूचं रिकामं टोपलं उचललं, माळावरची माती हातांनी भरली, खडे वेचून टाकले आणि ते छपराच्या कामटीला आवळून बांधलं. काकू नातवाला घेऊन मागोमाग आली होती, बघत उभी होती.

"परतीला लागंल," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "आन् पुढल्या सालीबी. तुमी असताल तर मला खिळीकडं बघायचं काम न्हाई."

काकूनं पदरानं तोंड पुसलं. मग पोराला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, "ते समदं खरं किसना. पन टोपलं असं डोक्यावर बांधतात व्हय? खाली ठेव. कुणाच्या तरी टाळक्यात पडंल."