बेपत्ता माणसाची सवाष्ण

माझे वडील बाँबफेकी विमानावर नॅव्हिगेटर होते. एकाहत्तरच्या युद्धात लोहगावच्या तळावरून गेले ते आलेच नाहीत. तारेत शब्द होता, ‘बेपत्ता’. त्या एका शब्दानं आमच्या घराचं वाटोळं केलं. मी तेव्हा दोन वर्षांची. आईनं कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्र उतरवलं नाही. आणि मला जन्मभर एकच गोष्ट हवी होती: तिनं एकदा तरी म्हणावं, तुझे बाबा गेले. म्हणजे मी रडून मोकळी झाले असते.

खरं तर झालं काय, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षभरानं कैदेतून सुटलेला त्यांचा वैमानिक नारायण पेठेत आमच्याकडे येऊन सांगून गेला होता. बाँब टाकून परतताना विमानाला मार बसला. वैमानिकाच्या खुर्चीला बाहेर उडायची सोय होती. नॅव्हिगेटरनं मात्र उठून दारापर्यंत जायचं आणि उडी मारायची. विमान विलायती बनावटीचं, अक्कलही विलायती, दुसरं काय! बाबांच्या मांडीत तोफगोळ्याचा तुकडा घुसलेला, त्यांना उठताच येईना. “सर, तुम्ही निघा. घरी सांगा,” एवढंच ते म्हणाले. विमान आदळलं ते वैमानिकानं हवाई छत्रीला लटकत पाहिलं. आईनं सगळं ऐकून घेतलं, त्याला चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं कुंकू लावलं. मी दहावीत असताना काकांनी मला हे सांगितलं.

बाबांना वीरचक्र मिळालं, मरणोत्तर. आई घ्यायला गेली नाही, काका गेले. तिनं ती डबी उघडूनसुद्धा पाहिली नाही. हळदीकुंकवाला हिला बोलवायचं की नाही यावर पेठेतल्या बायका कुजबुजायच्या, आणि ही खुशाल नटून हजर. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. भांडायचेही मी तिच्याशी. पण तिच्या कपाळाकडे पाहिलं की वाटायचं, काय सांगावं, असतील कुठल्या तुरुंगात. पेपरात सुटलेल्या कैद्यांची बातमी आली की मी एकेक नाव बोटानं वाचायचे. बाबा आले आणि मी घरी नसले तर, या धास्तीनं बाहेरगावची नोकरी सोडली. लग्नही त्यापायीच राहिलं.

गेल्या वर्षी आईनं अंथरूण धरलं. रोज सकाळी मीच तिला कुंकू लावायचे. एकदा तिनं माझा हात धरला.

“आता राहू दे. कालचं आहे तेही पूस.”

का म्हणून विचारलं, तर म्हणाली, तो वैमानिक सांगून गेला त्याच दिवशी मला पटलं होतं.

“पण जिन्यात बूट वाजले की तू बाबा म्हणून धावायचीस. तुझ्यासमोर कसं पुसू? पुढेही पेपरात नावं शोधायचीस. लेक वाट बघतेय, तिची आशा मी का मोडू?”

ती माझ्यासाठी थांबली होती आणि मी तिच्यामुळे. दोघींची उभी आयुष्यं मातीत गेली होती, आणि हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसलं.

मग आई रडायला लागली. नुकताच नवरा गेलेली बाई रडते तशी, मोठ्यानं, छाती पिटत. “गेले गं ते, गेले,” म्हणत राहिली. मी शेजारी बसून होते. मला रडू आलं नाही.