काकांच्या वावरात उतरलेला डबा

मृग लागायला आठवडा होता. मी वलगावच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. अवकाशाच्या उंबरठ्याला शिवून परत येणाऱ्या प्रायोगिक विमानांची कात्रणं माझ्याकडे ट्रंकभर होती. स्वतः मात्र एसटीच्या टपावरसुद्धा कधी चढलो नव्हतो.

एका संध्याकाळी आभाळात पांढरा ठिपका दिसला. तो हैदराबादकडून सोडलेला शास्त्रज्ञांचा फुगा होता, विमानांच्याही कितीतरी वर गेलेला. दुसऱ्या दिवशी त्याचा डबा हवाई छत्रीसकट माझ्या काकांच्या वावरात उतरला. डब्यावर मराठीत सूचना होती, उघडू नये म्हणून. गावाला तेवढंच पुरलं. दोन वर्षं पावसानं दगा दिलेला, आणि पाऊस पळवणाऱ्या यंत्रांच्या गोष्टी पारावर रोज चालायच्या. अर्ध्या तासात लोक कुऱ्हाडी घेऊन आले.

मी डब्याला पाठ लावून उभा राहिलो. भरदुपारीही जिथं आभाळ काळं दिसतं इतक्या उंचावरून हा आला, आणि ही माणसं त्याचे तुकडे करणार! माझं डोकंच फिरलं.

काका पुढे आले. "खरं सांग बाबू, हे पानी पयवते का?"

खरं एवढंच होतं की तो अवकाशातून येणारे किरण मोजायचा, पावसाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. पण कुऱ्हाडीपुढे किरण कोण ऐकणार? मी म्हणालो, पळवत नाही, शोधते. पाऊस कुठवर आला ते पाहूनच खाली आलं. मग कुठवर आला, असं त्यांनी विचारलं. आता माघार कशी घ्यायची? चार दिवसांत येतो, असं ठोकून दिलं.

कुऱ्हाडी खाली झाल्या. शास्त्रज्ञ जीप घेऊन आले, माझ्याशी हात मिळवून डबा घेऊन गेले. पुढचे दिवस मी ओळखीच्या मास्तरांना डबा कसा वाचवला तेच सांगत हिंडलो. काकांनी तेवढ्यात सगळ्या वावरात धूळपेर केली, कोरड्या मातीतच सरकी टोबली. मला ते कळलं तेव्हा एक हलकी सर पडून गेली होती. अंकुर वर आले आणि पुढचे वीस दिवस नुसतं ऊन; सगळे करपून गेले.

मी लाजत वावरात गेलो आणि फुगा, किरण, माझं खोटं, सगळं कबूल केलं. काका बोटानं माती उकरत ऐकत होते.

"डब्यातलं मले काय समजते?" ते म्हणाले. "मी त्या डब्यावर नाई पेरलं बाबू. तुयावर पेरलं."

त्यानंतर त्यांनी मला पावसाचं कधीच विचारलं नाही.